देवाला आधीच ठाऊक आहे, मग मी रोझरी कशाला म्हणू?

म्हापशाहून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून ते थोडक्यात देते.

"मी मूळची सावंतवाडीकडची, लग्न होऊन म्हापशाला आले. आम्ही कॅथलिक, घरात मराठीच बोलतो. मिस्टर वारले. एकुलता एक मुलगा मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर डीलर आहे. ही नोकरी माझ्या भावाने लावून दिली. मीच त्याच्या मागे लागले होते. रात्रपाळी संपवून मुलगा पहाटे घरी येतो तो पिऊनच, आणि आता सुट्टीच्या दिवशी सकाळपासून सुरू होतं. मध्ये सोडली होती, परत धरली. मी रोज संध्याकाळी त्याच्यासाठी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणते. परवा तो मला म्हणाला, 'मम्मी, आमच्या शूमध्ये, म्हणजे टेबलावरच्या पत्त्यांच्या पेटीत, पत्ते आधीच लागलेले असतात. गिऱ्हाईक कितीही डोकं खाजवू दे, पुढचा पत्ता ठरलेला. देवाला सगळं आधीच ठाऊक आहे असं तूच म्हणतेस ना? मग मी सुटणार असेन तर सुटेन, नसेन तर नाही. रोझरी म्हणून तू पत्ता बदलणार आहेस का?' मला काही बोलता आलं नाही. फादरना सांगितलं, ते म्हणाले, देवाची इच्छा, प्रार्थना करत राहा. शेजारच्या वहिनी म्हणतात, सटवीने लिहिलेलं पुसता येत नाही. ताई, तो बरोबर बोलतोय का? देवाला माहीत होतं, तर त्याने मला त्या नोकरीच्या मागे का लागू दिलं? आणि मी प्रार्थना करते ती कशासाठी?"

प्रिय ताई,

त्या वेळी तुम्ही गप्प राहिलात ते बरंच झालं. तोंडाला येईल ते बोलला असतात तर त्याला वाद जिंकल्यासारखं वाटलं असतं आणि बाटली होती तिथेच राहिली असती. पण उत्तर द्यायला हवं, कारण प्रश्न खरा आहे. पिणाऱ्याने विचारला म्हणून तो खोटा होत नाही. आपल्या धर्मातल्या फार मोठ्या माणसांनी या प्रश्नावर रात्री जागवल्या आहेत. आधी तुमच्या मुलाशी बोलते, मग तुमच्याशी.

त्याच्याच टेबलापासून सुरुवात करू. शूमध्ये कितीतरी कॅट पत्ते पिसून, कापून भरलेले असतात. पुढचा पत्ता राजा की दुर्री, हे पैसे लागण्याआधीच ठरलेलं. गिऱ्हाईक पैसे लावो, न लावो, उठून घरी जावो, शूमध्ये वरचा पत्ता तोच. म्हणजे पत्ता एकीकडे आणि माणसाचा निर्णय दुसरीकडे, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मुलाचं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे आणि तिथेच ते ढासळतं. देवाला जे ठाऊक आहे ते त्याच्या निर्णयापासून वेगळं, कुठल्या पेटीत पडलेलं नाही. देवाला ठाऊक आहे तो त्याचा निर्णयच. रविवारी सकाळी तो ग्लास भरणार हे देव जाणतो, कारण तो ग्लास भरणार आहे. ग्लास बाजूला सारून तो तुमच्याबरोबर मिस्साला येणार असता, तर देवाने तेच जाणलं असतं. ज्याला तो पत्ता म्हणतोय तो त्याचा स्वतःचा हात आहे.

संत ऑगस्टीनला हेच इवोदियस नावाच्या मित्राने विचारलं होतं. माणसाच्या स्वेच्छेवरचा त्यांचा संवाद ऑगस्टीनने 388 च्या सुमाराला लिहायला घेतला आणि 395 च्या सुमाराला पुरा केला. इवोदियसचं म्हणणं सरळ होतं: पहिला माणूस पाप करणार हे देवाला आधीपासून माहीत होतं, तर ते पाप घडणं भागच होतं, मग त्यात इच्छा कुठली? ऑगस्टीनने दोन गोष्टी सांगितल्या. एक, आपल्याला आठवतं म्हणून काही गेलेल्या गोष्टी घडलेल्या नसतात, आणि तसंच देव जाणतो म्हणून पुढच्या गोष्टी घडत नाहीत. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. हा माणूस आपल्या इच्छेने अमुक करील, असं जर देव जाणतो, तर त्याच्या जाणण्यात ती इच्छा धरलेलीच आहे. मग तेच जाणणं त्या इच्छेला मारून कसं टाकील?

तुमचा मुलगा हुशार आहे, तो इथे थांबणार नाही. पत्त्यांचा हिशेब रोज करणारी माणसं सहजासहजी सोडत नाहीत. तो म्हणेल, काल देवाला माहीत होतं की मी आज पिणार. काल गेला, तो आता कुणाला बदलता येत नाही. देव चुकत नाही. मग आज न पिणं माझ्या हातात राहिलंच कुठे? हा आक्षेप जड आहे. त्याला हसून उडवून लावू नका.

यावर सर्वांत प्रसिद्ध उत्तर बोएथियसचं. रोममधला हा मोठा सरकारी माणूस राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात पडला होता. 524 च्या सुमारास, मृत्युदंडाची वाट पाहत असताना त्याने लिहिलं की देवाला काल, आज, उद्या असं काही नाहीच. सगळा काळ त्याच्यापुढे एकदम उभा आहे. आपण रस्त्याने चालणारा माणूस पाहतो, पण आपल्या पाहण्याने तो चालायला लागत नाही. देवाचं जाणणं हे असं पाहणं आहे. कॅथलिक चर्चची धर्मशिकवण आजही याच वाटेने जाते. 1992 साली आलेल्या ग्रंथात, परिच्छेद 600 मध्ये, म्हटलं आहे की देवाला काळाचे सगळे क्षण समोर हजर असतात आणि तो आपली सनातन योजना करतो तेव्हा प्रत्येक माणसाने मोकळेपणाने दिलेला प्रतिसाद त्या योजनेत धरूनच करतो.

मला मात्र चौदाव्या शतकातल्या ऑकमच्या विल्यमचं उत्तर अधिक उपयोगी पडतं. तो फ्रान्सिस्कन संघाचा इंग्लिश संन्यासी होता. त्याचं म्हणणं, काही वाक्यं कालची दिसतात खरी, पण त्यांचा खरेखोटेपणा आजच्या दिवसावर टांगलेला असतो. समजा गुरुवारी कुणी म्हणालं, उद्या म्हापशाचा बाजार भरेल. बोलणं गुरुवारचं, पण ते खरं ठरवतो शुक्रवार. देवाने काल काय जाणलं हेही त्याच जातीचं आहे. मुलाला वाटतं की कालने त्याचे आजचे हात बांधले. प्रत्यक्षात देवाच्या कालच्या जाणण्याला आकार येतो तो त्याच्या आजच्या हातामुळे.

ख्रिस्ती लोकांत सगळ्यांचं यावर एकमत आहे असं मी म्हणणार नाही. जिनिव्हाच्या कॅल्विन या प्रॉटेस्टंट सुधारकाने देवाच्या ठरावावर सगळा भर दिला, तरी माणूस जबाबदार नाही असं त्यानेही म्हटलं नाही. आपल्या चर्चने ट्रेंटच्या परिषदेत 1547 मध्ये स्पष्ट सांगितलं की आदामाच्या पापानंतरही माणसाची स्वेच्छा दुबळी झाली आहे, नाहीशी झालेली नाही.

आता शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा तेविसावा अध्याय काढून त्याच्यापुढे ठेवा. दावीद शौल राजापासून लपत फिरतो आहे. कईला गावाची खळी पलिष्टी लुटत होते, त्यांना दावीदाने हाकलून लावलं आणि तो त्याच गावात थांबला. शौलाला खबर लागली. दावीदाने याजकाला एफोद, म्हणजे देवाचा कौल घेण्याचं याजकाचं वस्त्र, आणायला सांगितलं आणि देवाला दोन प्रश्न विचारले. शौल इथे येईल का? देव म्हणाला, येईल. गावातले लोक मला त्याच्या हाती देतील का? देव म्हणाला, देतील. दावीद उठला आणि आपली सहाशेच्या आसपास माणसं घेऊन गावाबाहेर पडला. शौलाला ते कळलं आणि तो आलाच नाही. देवाने सांगितलेलं घडलं नाही, तरी देव चुकला नाही. दावीद तिथे थांबला तर काय होईल हे त्याने खरं तेच सांगितलं होतं. आणि दावीदाने काय केलं पाहा. देवाला माहीत आहे म्हणजे आता झालंच, असं म्हणून तो मांडी घालून बसला नाही. कळलं म्हणून तर तो निघाला.

अमुक झालं असतं तर अमक्याने काय केलं असतं, हे देव जाणतो, याच धाग्यावर लुईस दे मोलिना या जेझुइट संघाच्या स्पॅनिश धर्मगुरूने मोठा ग्रंथ रचला. तो पोर्तुगालमध्ये एव्होराला शिकवत असे. ग्रंथ लिस्बनला 1588 मध्ये छापला गेला आणि डॉमिनिकन या दुसऱ्या संघाचे लोक चवताळून उठले. दोमिंगो बान्येझ त्यांचा पुढारी. ते म्हणाले, मोलिनाने देवाला माणसाच्या दारात ताटकळत उभं केलं. जेझुइट म्हणाले, तुम्ही माणसाला कळसूत्री बाहुली केलंत. पोप आठवे क्लेमेंट यांनी 1598 पासून रोममध्ये या वादाची सुनावणी लावली. वर्षांमागून वर्षं वाद चालला. जुन्या गोव्यात जेझुइटांनी बॉम जेझूची बासिलिका 1594 ला सुरू करून 1605 ला पुरी केली, ती ऐन याच काळात, आणि डॉमिनिकन लोकांचा मठही त्याच शहरात होता. शेवटी 1607 मध्ये पोप पाचवे पॉल यांनी निकाल न देताच सभा उठवली आणि दोन्ही पक्षांना बजावलं की एकमेकांना पाखंडी म्हणायचं नाही. तो निकाल आजतागायत लागलेला नाही. देव सगळं जाणतो हे चर्चने पक्कं धरलं, माणूस मोकळा आहे हेही पक्कं धरलं, आणि दोन्ही एकत्र कसं बसतं यावर तुम्हा-आम्हाला विचार करायला मोकळं सोडलं. मला हा शहाणपणा वाटतो.

पण ताई, मुलाला एकच गोष्ट सांगायची असेल तर मोलिना-बान्येझ सोडा. पेत्राची सांगा.

शेवटच्या जेवणाच्या रात्री येशूने आपल्या दोघा शिष्यांविषयी, यहूदा आणि पेत्राविषयी, आधीच सांगितलं. एकाविषयी, की तो मला धरून देईल. दुसऱ्याविषयी, की कोंबडा आरवण्याआधी तो मला तीनदा नाकारील. दोन्ही गोष्टी त्याच रात्री घडल्या. देवाने जाणलं म्हणजे माणसाचं सगळं संपलं, असं असतं तर या दोघांचा शेवट एकसारखा व्हायला हवा होता. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात येशू पेत्राला काय म्हणतो ते अगदी हळू वाचा. सैतानाने तुम्हाला गव्हासारखं चाळायला मागितलं आहे, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे, आणि तू वळलास म्हणजे तुझ्या भावांना धीर दे. तू पडणार हे सांगण्याच्या आधी त्याने प्रार्थना केलेली आहे. पडल्यानंतरचं कामही नेमून दिलेलं आहे. ज्याला पेत्राचं पडणं ठाऊक होतं त्यानेच हे केलं. मग महायाजकाच्या अंगणात शेकोटी पेटते, पेत्र शेकत बसतो, एक दासी त्याच्याकडे निरखून पाहते आणि म्हणते, हाही त्याच्याबरोबर होता. तो नाही म्हणतो. थोड्या वेळाने आणखी एकजण, मग तासाभराने तिसरा. कोंबडा आरवतो. लूक एक गोष्ट सांगतो जी बाकीचे तिघे सांगत नाहीत: त्या क्षणी प्रभूने वळून पेत्राकडे पाहिलं. पेत्र बाहेर जाऊन खूप रडला.

यहूदालाही पश्चात्ताप झाला होता, हे लोक विसरतात. मत्तय लिहितो की तो चांदीची तीस नाणी परत घेऊन मुख्य याजकांकडे गेला आणि म्हणाला, मी निर्दोष माणसाला धरून दिलं, पाप केलं. ते म्हणाले, आम्हाला काय त्याचं, तुझं तू पाहून घे. आणि त्याने स्वतःच स्वतःचा निकाल लावला. बागेत त्याने चुंबन घेतलं तेव्हाही येशूने त्याला मित्र म्हणून हाक मारली होती. परतीचं दार त्याच्यासाठीही उघडंच होतं असं मी मानते. देवाने त्याला नरकासाठी नेमून ठेवलं होतं, असं चर्च म्हणत नाही. देव कुणालाही नरकात जाण्यासाठी आधीपासून नेमत नाही, असं धर्मशिकवणीत परिच्छेद 1037 मध्ये स्पष्ट शब्दांत आहे.

तुमचा मुलगा म्हणतो, सुटणार असेन तर सुटेन. त्याला इतकंच विचारा की देवाला काय ठाऊक आहे हे तुला कुठून ठाऊक? तो सुटणार हे देव जाणत असेल, आणि तो रविवारी तुमच्याबरोबर डॉक्टरकडे जाऊन सुटणार असंही जाणत असेल. त्याने ते न वाचलेलं पान आपल्या सोयीने वाचून दाखवलं आहे. स्तोत्र 139 मध्ये आहे की माझे सगळे दिवस उगवण्याआधीच देवाच्या वहीत लिहिलेले होते. तो तुम्हाला हे वचन काढून दाखवील कदाचित. मग त्याला त्याच स्तोत्राचा शेवट वाचायला लावा. दिवस लिहिलेले आहेत म्हणणारा तोच माणूस शेवटी विनवतो, देवा, माझं मन तपास, माझ्यात वाईट मार्ग असेल तर बघ आणि मला चांगल्या वाटेने ने. त्याला दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटत होत्या.

शेजारच्या वहिनी मायेपोटी बोलतात, त्यांच्याशी वाद घालू नका. मात्र सटवीच्या लेखासारखं काही आपण मानत नाही, हे मुलाला ठाऊक असू द्या. आणि फादरनी देवाची इच्छा म्हटलं ते तुम्हाला धीर द्यायला म्हटलं असेल, पण मला ते पटलेलं नाही. तुमच्या मुलाने पिणं ही देवाची इच्छा नाही. देव ते होऊ देतो आणि देवाला ते हवं असतं, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि आईच्या कानावर तरी दोन्ही एकच करून घालू नयेत.

आता तुमचं. नोकरीच्या मागे तुम्ही लागलात, त्याबद्दल. देवाला माहीत होतं, पण तुम्हाला माहीत नव्हतं. नवरा गेलेल्या घरात महिन्याचा पगार यावा म्हणून तुम्ही भावाकडे शब्द टाकलात. त्या वेळी तुम्हाला दिसत होतं तेवढ्यावर तुम्ही ठरवलंत, आणि त्यात वाईट काही नव्हतं. जे देवाने जाणलं ते मी का जाणलं नाही, म्हणून स्वतःला शिक्षा करत बसणं हे तुमच्या वाट्याचं ओझं नाही. त्याच बोटीवर न पिणारे डीलरही असतील. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा ती जास्त पापी होती का, या हिशेबाला येशूने ठाम नाही म्हटलं. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? तिथेही त्याने दोघांचंही नाही म्हणून सांगितलं. आईबापांच्या माथी मारण्याची सवय जुनी आहे, ती त्याने मोडली.

तरी एक प्रश्न उरतो, मला कळतं. देवाने थांबवलं का नाही? आईच्या मनाला पुरेल असं याचं उत्तर आपल्या कुणाच्याच ग्रंथात नाही, आणि ते आहे म्हणून सांगणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. मला धीर देते ती गेथशेमानीची रात्र. पुढे काय होणार हे ज्याला ठाऊक होतं, तोही तिथे गुडघे टेकून म्हणाला, हा प्याला माझ्यापासून दूर कर. ठाऊक असणाराही मागतच होता.

म्हणून प्रार्थना थांबवू नका. मत्तयच्या सहाव्या अध्यायात आठवं वचन आहे, तुम्ही मागण्याआधीच तुमच्या पित्याला तुमची गरज ठाऊक आहे. आता तुमच्या मुलाच्या हिशेबाने नवव्या वचनात काय यायला हवं होतं? मग मागू नका, असंच ना? नवव्या वचनात येतं, म्हणून तुम्ही अशी प्रार्थना करा, आणि पुढे 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. येशूने त्याला ठाऊक आहे यावरून मागा असं काढलं. संत थॉमस अक्विनासने याचा खुलासा केला आहे की आपण देवाचा बेत बदलायला प्रार्थना करत नाही. काही गोष्टी प्रार्थनेतूनच मिळाव्यात असं देवानेच ठरवलेलं असतं, त्या मिळाव्यात म्हणून करतो. तुमची रोझरी पत्ता बदलायला बसलेली नाही. मुलगा सुटला तर त्या सुटण्यात ती असेल.

ऑगस्टीनची आई मोनिका तुम्हाला ठाऊक असेल, जुन्या गोव्यातलं सांता मोनिका कॉन्व्हेंट तिच्याच नावाचं. मुलासाठी ती वर्षानुवर्षं रडली. 387 च्या ईस्टरला मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. पण तिच्या लहानपणची एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ऑगस्टीननेच लिहून ठेवली आहे. घरातल्या पिंपातून द्राक्षारस काढून आणायचं काम तिच्याकडे असायचं. आधी ती ओठ लावून थोडासा चाखायची, मग रोज जरा जास्त, शेवटी पेलेच्या पेले रिचवायला लागली. एका दिवशी तिच्याबरोबर जाणाऱ्या दासीशी तिचं भांडण झालं आणि दासीने तिला दारूडी म्हणून टोमणा मारला. तो शब्द जिव्हारी लागला आणि मोनिकाने ते तिथेच सोडलं. दासीला तिचं भलं करायचं नव्हतं, तिला फक्त झोंबवायचं होतं. ऑगस्टीन म्हणतो, देवाने तिच्या त्या रागातून मोनिकाला बरं केलं. इथे कुणाच्या मोकळेपणाला धक्का लागलेला दिसतो का? दासी आपल्या रागाने बोलली, मोनिकाने आपल्या मनाने सोडलं, आणि देवही तिथे होता.

मोनिकाची एका शब्दाने सुटली तशी सगळ्यांची सुटत नाही, आणि तुमच्या मुलाला टोमणे मारा असं मी मुळीच म्हणत नाही. त्याची अवस्था पुढे गेलेली आहे. धर्मशिकवणीत परिच्छेद 1735 आहे. अज्ञान, भीती, सवय, इतर मानसिक किंवा सामाजिक कारणं यांनी माणसाची जबाबदारी कमी होते किंवा पुसलीही जाते, असं तिथे म्हटलं आहे. सवय हा शब्द तिथे मुद्दाम आहे. तुमच्या मुलाला वाटतं त्याचा मोकळेपणा देवाच्या ज्ञानाने खाल्ला. तो दारूने खाल्ला आहे. सकाळी हात थरथरतात तेव्हा त्या ग्लासाला नाही म्हणणं त्याच्या हातात फारच थोडं उरलेलं असतं. पण दुपारी, झोप झाल्यावर, दवाखान्यात जायला हो म्हणणं अजून त्याच्या हातात आहे. तेवढंच मागा. आयुष्यभर पिणार नाही असं वचन घेऊ नका.

हे सगळं त्याला प्यायलेला असताना सांगू नका. सुट्टीच्या दुपारी जेवण झाल्यावर बोला. भावाला बरोबर घ्या. नोकरी त्यांनी लावून दिली होती, तर दिवसपाळी किंवा दुसरं काम शोधायलाही त्यांची मदत होईल.

एक गोष्ट नीट कान देऊन ऐका. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका, बाटल्या मोरीत ओतू नका. एकदम थांबवली तर दोन-तीन दिवसांत थरथर, फेफरं, भास होऊ शकतात आणि जिवावर बेतू शकतं. बांबोळीला मनोविकार आणि व्यसनमुक्तीसाठी सरकारी संस्था आहे, तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध देऊन थांबवतात. त्यानंतर अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा. त्यांची पहिलीच पायरी असं कबूल करते की दारूपुढे आमचं काही चालत नाही. आणि तरी त्या खोलीत माणूस आपल्याच पायांनी चालत येतो. तुमच्या मुलाला आवडेल हा विचार, त्याच्या डोक्याला खाद्य आहे. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉनच्या सभा असतात, तिथे तुम्ही जा, तो येवो न येवो.

बांबोळीला जाण्याआधी एका कागदावर लिहून घ्या: किती वर्षं पितो, रोज साधारण किती, मागच्या वेळी सोडली तेव्हा काय त्रास झाला, फेफरं आलं होतं का, दुसरी कोणती औषधं चालू आहेत. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात, आणि मुलगा खरा आकडा सांगेल याची खात्री नसते. त्याच्यापुढेच लिहा, त्यालाच सांगू द्या.